धुराडे, गहू आणि हॅथवेंचे शेतघर

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यात, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून सुमारे दीड किलोमीटरवर शॉटरी येथे गवती छपराचे एक जुने घर उभे आहे. शेक्सपिअरची पत्नी ॲन हॅथवे हिचे माहेर म्हणून ते जगाला ठाऊक आहे आणि पर्यटकांच्या लेखी ती प्रेमात पडलेल्या कवीने पायी गाठलेली झोपडी आहे. या समजुतीची पाळेमुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. सॅम्युअल आयर्लंड या चित्रकार-संग्राहकाने १७९५ मध्ये एव्हन नदीकाठच्या रम्य स्थळांवरील आपल्या पुस्तकात या घराचे चित्र छापले आणि तेथून एक खुर्चीही शेक्सपिअरची म्हणून विकत नेली. त्याच सुमारास त्याचा मुलगा विल्यम हेन्री शेक्सपिअरच्या नावाने बनावट कागदपत्रे तयार करण्यात गुंतला होता, हे लक्षात घेतले तर त्या खुर्चीविषयी अधिक काही लिहिण्याची गरज उरत नाही.

प्रत्यक्षात ही झोपडी नव्हती. बारा खोल्यांचे हे घर ‘ह्यूलंड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ९० एकरांच्या शेतीचे मुख्य निवासस्थान होते आणि त्यात राहणारे हॅथवे हे बऱ्यापैकी सधन शेतकरी होते. सोळाव्या शतकात त्यांच्याकडे ही जमीन ‘कॉपीहोल्ड’ पद्धतीने होती. या पद्धतीत मालकी जमीनदाराची असे, आणि त्याच्या न्यायसभेच्या नोंदवहीतील नोंदीची नक्कल हाच कुळाच्या हक्काचा पुरावा मानला जाई. ॲनचे वडील रिचर्ड १५८१ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात मुलीच्या लग्नासाठी ६ पौंड, १३ शिलिंग आणि ४ पेन्स ठेवले आणि पुढच्याच वर्षी ते लग्न झाले. हॅथवेंचा मेंढपाळ थॉमस व्हिटिंग्टन याचे १६०१ मधील मृत्युपत्र तर त्याहून बोलके आहे. आपले ४० शिलिंग ॲन शेक्सपिअरकडे आहेत आणि ते स्ट्रॅटफर्डमधील गरिबांना द्यावेत, असे त्याने त्यात नमूद केले. लोकर, धान्य आणि गड्यांचे हिशेब यांवर चालणाऱ्या अशा घराकडे केवळ प्रेमकथेचे नेपथ्य म्हणून पाहिले, की त्याची वास्तू नीट दिसतच नाही.

घराचा सर्वांत जुना भाग १४६० च्या दशकातला आहे. त्याचा सांगाडा ‘क्रक’ पद्धतीचा आहे, म्हणजे नैसर्गिकरीत्या वाकलेले ओकचे खोड उभे चिरून मिळालेले दोन जुळे वासे समोरासमोर उभे करून, ते वर आढ्यापाशी लाकडी खुंट्यांनी जोडून तयार केलेली प्रचंड कैची. अशा कैच्या ओळीने उभ्या केल्या, की छपराचा भार थेट त्यांच्यावरून जमिनीकडे जातो, भिंतींना तो पेलावा लागत नाही, आणि म्हणूनच भिंती हलक्या असल्या तरी चालतात. येथेही चुनखडी दगडाच्या जोत्यावर लाकडी चौकटी उभारून मधल्या पोकळ्या कुडाने भरल्या होत्या. कामट्या विणायच्या, त्यांवर माती, पेंढा आणि शेण यांचा गारा थापायचा आणि वरून चुन्याचा हात फिरवायचा, ही रीत कोकणातल्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. काही चौकटींत पुढे विटा आल्या. लाकूड मात्र हिरवे असतानाच घडवले जाई आणि जागेवर वाळताना पिळे, त्यामुळे या घरांत काटकोन शोधणे व्यर्थ आहे.

मूळ घराचा गाभा म्हणजे जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळे असलेले दालन. त्याच्या मध्यावर जमिनीवरच आगटी पेटत असे, धुराडे नसे, आणि धूर वर चढून छपरातल्या फटींतून वाट काढी. या धुराने छपराचे आतले थर काजळून गेले आणि त्या काजळीनेच ते टिकवले. इंग्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः डेव्हन परगण्यात, मध्ययुगीन घरांच्या छपरांच्या तळाशी असा काळवंडलेला पेंढा आजही सापडतो. वनस्पतिपुरातत्त्वज्ञ जॉन लेट्स यांनी त्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. लोंब्या, दाणे, शेतातले तण असे सारे त्या पेंढ्यात शाबूत असते, आणि पाचशे वर्षांपूर्वी इंग्रज शेतकरी एकाच शेतात किती भिन्न जातींचा उंच गहू पिकवीत होता, हे त्यावरून कळते. लेखी दस्तऐवजांत ही माहिती मिळत नाही.

मग धुराडे आले आणि घराची रचनाच बदलली. धूर भिंतीलगतच्या किंवा मधल्या बांधीव नळीतून बाहेर जाऊ लागताच उंच दालन मोकळे ठेवण्याचे कारण उरले नाही, मध्ये तक्तपोशी घालून माळा करता आला आणि निजण्यासाठी वरच्या खोल्या मिळाल्या. विल्यम हॅरिसन या धर्मगुरूने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातल्या वृद्धांना आश्चर्यकारक वाटलेले तीन बदल नोंदवले आहेत, आणि त्यांत वाढलेली धुराडी, सुधारलेली अंथरुणे आणि लाकडी भांड्यांच्या जागी आलेली कथलाच्या मिश्रधातूची भांडी यांचा समावेश आहे. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या ‘महापुनर्बांधणी’चा काळ म्हटले. पुढच्या संशोधकांनी त्याच्या कालमर्यादेविषयी शंका घेतल्या असल्या, तरी शॉटरीचे घर त्या चौकटीत चपखल बसते. ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याने १६१० मध्ये ही मालमत्ता पूर्ण मालकीने विकत घेतली आणि त्याच्या काळात घर वाढले. मधल्या धुराड्यावर ‘आय. एच. १६९७’ अशी अक्षरे कोरलेला दगड आहे. त्यातील ‘आय’ हा जॉन हॅथवे या वंशजाच्या नावाचा, कारण तेव्हा आय आणि जे यांत फरक केला जात नसे. चुलाण्याशेजारी पाव भाजण्याची भट्टी आहे, आणि डुकराचे खारवलेले मांस कोरडे राहावे म्हणून केलेले कपाटही आहे.

छपराचे गणित वेगळे आहे. पेंढा पाणी अडवीत नाही, तो ते वाहून नेतो. म्हणून पाखे निदान ४५ ते ५० अंशांच्या उताराचे लागतात, पाणी वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच खाली सरकते आणि रुंद वळचणीवरून भिंतीपासून दूर पागोळ्या गळतात. पन्हळ लावण्याची पद्धत नाही. पेंढ्या बसवताना हेझेलच्या चिरलेल्या काटक्या पिळून, केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडून आतल्या थरात ठोकतात. नव्याने शाकारताना जुने सगळे काढत नाहीत, फक्त कुजलेला वरचा थर उतरवून नवा चढवतात. आढ्याचा पट्टा दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो, उरलेले पाखे त्याहून बराच काळ निभावतात.

आगीचे भय अर्थातच कायमचे. लंडनने १२१२ मध्येच गवती छपरांना मनाई केली. नदीपलीकडचे ग्लोब नाट्यगृह १६१३ मध्ये नाटक चालू असताना उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने पेंढा पेटून जळाले. आणि शॉटरीच्या घरालाही १९६९ मध्ये आगीने मोठे नुकसान पोहोचले, ते नंतर दुरुस्त झाले. हॅथवेंची मालकी तोवर संपून बराच काळ लोटला होता. एकोणिसाव्या शतकात ते स्वतःच्याच घरात भाडेकरू झाले, आणि १८९२ मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतले तेव्हा त्या कुळातली मेरी बेकर पाहुण्यांना घर दाखवीत असे.

अशा छपरांवर खरे संकट आले ते शेतातून. कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या कंबाइन यंत्रात पेंढा चुरडतो, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भरपूर नत्रखत पचवणाऱ्या बुटक्या जाती आल्यावर शाकारण्याजोगा लांब, चिवट पेंढा मिळेनासा झाला. त्याची जागा पाणथळीतल्या बोरूने घेतली, जो आता मोठ्या प्रमाणात तुर्कस्तान, पूर्व युरोप आणि चीनमधून येतो. बोरू अधिक टिकतो, हा घरमालकांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु तो बसवण्यासाठी बहुधा वाशांपर्यंतचे सारे जुने थर उतरवावे लागतात आणि त्यांबरोबर मध्ययुगीन पेंढाही उकिरड्यावर जातो. वारसा-संरक्षण अधिकारी त्यामुळे पेंढ्याचाच आग्रह धरतात, आणि येथे न्याय त्यांच्या बाजूला आहे असे म्हणावे लागते, जरी बिल भरणारा दुसराच असला. पावसाळी उन्हाळ्यात पेंढा हाती लागत नाही. म्हणून कित्येक शाकारणी कारागीर आता मॅरिस विजन ही १९६४ मधील उंच जात स्वतःच पेरतात आणि भंगारातून सोडवलेल्या, पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या यंत्रांनी ती कापतात.