व्यसन त्याचे, धावपळ तिची

सरकारी दवाखान्यात केसपेपर कोण काढते ते पाहा. पिणारा बाकावर बसलेला असतो आणि रांगेत त्याची बायको, नाहीतर आई. वस्तीत काम करताना आम्ही हेच पाहत आलो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसले. बाकीचे सदतीस आपल्याच गल्लीत आहेत.

जुन्या पिढीतला माणूस म्हणतो, "गिरणीत राबलो, थोडी घेतली, त्यात आजार कसला?" त्याला डॉक्टर आठवतो तो पोटात पाणी झाल्यावर. त्याचा मुलगा निदान १४४४६ हा सरकारचा मोफत नंबर फिरवतो, पण जिन्यात उभा राहून, बापाला कळू नये म्हणून.

आणि बाई पीत असेल तर? त्याच पाहणीत पिणारे पुरुष शेकडा २७, बाया दोनाहूनही कमी. म्हणून तिची कोणी विचारपूसच करत नाही. नवऱ्याला बायको केंद्रात नेते. पिणाऱ्या बायकोला नवरा माहेरी धाडतो. वास्तविक स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते, लिव्हरही लवकर बिघडते. जिने आधी जायला हवे तीच सर्वांत उशिरा जाते. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणला पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढावा लागला, तो उगाच नव्हे.

आपल्यात आणखी एक अडचण. पाचवे शील आपण घेतो, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग पिणारा विहारात यायचाच बंद होतो. त्याची लाज आम्ही समजू शकतो. पण उपासक-उपासिकांनीच तोंड फिरवले तर तो जाणार कुठे? गुत्त्यावर. तिथे त्याला कोणी नावे ठेवत नाही.

एक ध्यानात ठेवावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नये. भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. आधी मानसोपचार विभागात दाखवावे. तो येत नसेल तर घरच्या बाईने एकटीने जाऊन सल्ला घ्यावा. आणि पिणारी बाई असेल तर महिला मंडळाच्या दोघींनी तिच्यासोबत जावे. गल्लीत कोणी विचारलेच तर बीपी दाखवायला चाललो म्हणावे. (चौथे शील सांभाळायचे तर बीपी खरोखरच तपासून घ्यावे.)