एक नांव, दोन शिलका

आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अशा घरांत माजघरांतून कोणी तें नांव घेऊन हांक मारली, तर धांवत येतो तो जवळ खेळणारा नातू. आजोबा ओसरीवर स्वस्थच असतात. नांव एक असलें तरी माणसें दोन. नातवास लाडू दिल्यानें आजोबांचें पोट भरत नाहीं. संगणकाच्या प्रोग्रॅमांतहि हाच घोंटाळा होतो. आमच्या घरीं तर त्यापायीं एका प्रामाणिक मुलावर बालंट यावयाचें.

आमच्या समाईक खर्चाचा हिशेब कॉलेजांत शिकणारा पुतण्या ठेवतो. त्यासाठीं त्यानें ‘रस्ट’ या भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. या भाषेची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ सालीं निघाली. मागील शिल्लक ५,००० रुपये होती. तिघां भावांनीं अनुक्रमें ३,०००, २,००० व ४,००० भरले. प्रोग्रॅमचें उत्तर आलें, ५,०००! मग नऊ हजार गेले कोठें? सर्वांच्या नजरा पुतण्याकडे वळल्या. बँकेचें पुस्तक आणून पाहिलें, तेव्हां पुरते १४,००० तेथें जमा होते. पैसे सुरक्षित होते. चुकली होती ती बेरीज.

लूपमध्यें, म्हणजे तेंच काम पुनःपुन्हां करणाऱ्या फेऱ्यांत, त्यानें लिहिलें होतें : ‘लेट शिल्लक = शिल्लक + वर्गणी’. सारी मेख त्या ‘लेट’ शब्दांत आहे. ‘लेट’ जुन्या शिलकेंत भर घालीत नाहीं; त्याच नांवाची नवी शिल्लक निर्माण करितो. ही नवी जुनीस झांकते, म्हणून या प्रकारास शॅडोइंग म्हणतात. परंतु नवीचें आयुष्य त्या एका फेऱ्यापुरतेंच. फेरा संपतांच ती नाहींशी होते आणि पुढच्या फेऱ्यास पुन्हां बाहेरचे ५,००० च दिसतात. म्हणून आंत ८,०००, ७,००० व ९,००० होऊन गेले, आणि बाहेर कांहींच बदललें नाहीं.

रस्टमध्यें एकदां ठेविलेली किंमत सहसा बदलतां येत नाहीं. ती बदलावयाची असल्यास बाहेरची शिल्लक मांडतांनाच ‘म्यूट’ हा शब्द जोडावा लागतो. पण तेवढ्यानें भागत नाहीं. फेऱ्यांतला ‘लेट’ही गाळला पाहिजे. तसें केल्यावर बेरीज ८,०००, १०,०००, १४,००० अशी चढत गेली.

शॅडोइंग मुळांत वाईट नव्हे. वर्गणीचा आंकडा प्रथम अक्षरांच्या रूपानें येतो. त्याची संख्या करून तेंच नांव पुढें चालविणें सोयीचें असतें, आणि तें काम ‘म्यूट’नें साधत नाहीं, कारण त्यानें किंमत बदलते, जात बदलत नाहीं. भाषांचे रिवाजहि निराळे. पायथॉनमध्यें लूपला स्वतंत्र खोली नसते. तेथें हीच बेरीज बरोबर आली असती. जावामध्यें एकाच कार्यांत बाहेर मांडलेलें नांव आंत पुन्हां मांडूंच देत नाहींत.

गंमत अशी, कीं आंतली ‘शिल्लक’ कोठेंच वापरलेली नाहीं, अशी सूचना रस्टनें आधींच दिली होती. पुतण्यानें ती वाचली नाहीं. आम्हीं मोठ्यांनीं तरी त्याला नीट विचारलें कोठें होतें? सूचना वाचण्याचें त्यानें कबूल केलें, आणि नजरा वळविण्यापूर्वीं विचारण्याचें आम्हीं.