मुष्टियुद्धापुरता खलपुरुष

‘स्कायरिम’ (२०११) या भूमिका घेऊन खेळावयाच्या अद्भुतरम्य संगणकीय खेळात विंडहेल्म नगरात शिरताच रॉल्फ स्टोन-फिस्ट हे दुय्यम पात्र भेटते. ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे परागंदा होऊन आलेल्या ‘डार्क एल्फ’ निर्वासितांना तो भर रस्त्यात हिणवतो, शत्रूचे हेर ठरवतो. खेळणाऱ्याने शंभर सुवर्णमुद्रांची पैज लावावी, त्याला मुष्टियुद्धात लोळवावे आणि पुढे निघावे, अशी सोय संहितेनेच करून ठेवली आहे.

अशा पात्राचे समर्थन वास्तवदर्शनाच्या नावाखाली केले जाते. द्वेषाला चेहरा मिळाला, खेळणाऱ्याची नैतिक जाणीव चेतवली गेली, असा हा दावा. परंतु चेहरा दिल्याने द्वेष दृश्य होतो की एका चेहऱ्यात कोंडला जातो? निर्वासितांना ‘ग्रे क्वार्टर’ नावाच्या अवकळा आलेल्या वस्तीत ठेवणारी सत्ता रॉल्फची नव्हे, नगराधिपती उल्फ्रिकची आहे; आणि रॉल्फचा भाऊ गॅल्मर हा त्याच उल्फ्रिकचा उजवा हात आहे. म्हणजे धागा संहितेत आहे. तरीही रॉल्फपुढे खेळणाऱ्याच्या हाती मूठच दिली जाते. रॉल्फ आपटतो, वस्ती जिथल्या तिथे राहते.

द्वेषाचा सगळा भार एका माणसावर टाकला की दोन गोष्टी संभवतात. एक तर बाकीचे सारे निर्दोष ठरतात. किंवा तो ज्या समूहातला, तो समूहच त्याच्या गुन्ह्याचा वाटेकरी ठरवला जातो. दोन्हींची किंमत मराठवाड्याने मोजली आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. हे कोणा एका रॉल्फचे कृत्य नव्हते. जमाव उभा राहतो तो गावकीच्या संमतीवर, जमिनीच्या आणि जातीच्या जुन्या हिशेबांवर. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांच्या विलंबाला कोणत्या एका खलपुरुषाचे नाव द्यावयाचे?

दुसरे उदाहरण लातूरचे. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेचे अत्याचार निर्विवाद आहेत. मात्र सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानाची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने मुसलमानांच्या हत्यांनी सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथील हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालल्याचे समितीने नमूद केले आहे. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात गेला. लातुरात जे मेले, ते रझवी नव्हते. त्याचे गाव आणि त्याचा धर्म एवढेच त्यांचे त्याच्याशी नाते होते.

म्हणून खलपुरुष जिवंत वाटतो की नाही, एवढ्यावर समीक्षेने समाधान मानू नये. त्याला बोलण्याची मुभा कोणी दिली, त्याच्या बोलण्याचा लाभ कोणाला झाला, आणि तो पडल्यावर काय बदलले, हे प्रश्न संहितेला विचारले पाहिजेत. कादंबरी असो वा खेळ, वाचकाला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देण्यासाठी घडवलेला खलपुरुष द्वेषाचे दर्शन घडवीत नाही. तो द्वेषाच्या खऱ्या मालकांना पडद्याआड ठेवतो.