केसकर, सिलोन आणि गाण्याचा मालक

१/ ‘केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना बंदी घातली आणि रेडिओ सिलोनने ती गाणी वाचवली.’ समाजमाध्यमांवर पुनःपुन्हा फिरणारी ही कथा अर्धसत्य आहे. तिचा उरलेला अर्धा भाग अभिरुचीचा नसून परवान्याचा आहे. आणि त्या काळातला खरा अन्याय तर या कथेत कुठेच येत नाही. #धागा

२/ १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा कैवार घेणाऱ्या या मराठी मंत्र्याला चित्रपटगीते उथळ वाटत, हे खरे. गाण्यांना चाळणी लागली, त्यांचा वेळ आक्रसला. त्याबद्दल त्यांच्यावर टीका करावी तेवढी थोडी. परंतु आकाशवाणीवरून ही गाणी नाहीशी झाली, ती केवळ या चाळणीमुळे नव्हे.

३/ गाणे वाजवताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, अशी भूमिका आकाशवाणीने घेतली. गायकाचे नाव सांगायचे, चित्रपटाचे नाही. निर्मात्यांना मात्र नेमकी तीच जाहिरात हवी होती. त्यांनी प्रसारणाचा परवानाच मागे घेतला. चाळणी सरकारने लावली. दार निर्मात्यांनी ओढून घेतले.

४/ ही पोकळी कोलंबोने भरून काढली. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानी यांची ‘गीतमाला’ एका टूथपेस्टच्या प्रायोजकत्वावर सुरू झाली. अखेर आकाशवाणीला नमते घ्यावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथून तिच्यावर चक्क व्यापारी जाहिराती लागल्या. चित्रपटाचे नावही जिला जाहिरात म्हणून खटकले होते, तीच ही संस्था!

५/ आता या भांडणातील पक्ष मोजावेत. मंत्री, आकाशवाणी, निर्माते, सिलोन, टूथपेस्ट. ज्याने चाल बांधली तो संगीतकार यात कुठे आहे? ज्याने शब्द लिहिले तो कवी? जिने गायले ती गायिका? गाणे वाजू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्यांत ते घडवणारे नव्हतेच. केसकर खलनायक की सिलोन तारणहार, या वादात हा प्रश्न हरवतो.

६/ त्यांचे स्थान काय होते, याचा पुरावा तबकडीवरच सापडतो. ‘महल’ (१९४९) चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! जिथे नावच द्यायचे नाही, तिथे वाटा कोण देणार?

७/ स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ साली संमत झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. गीत ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती. दोन्हींना संरक्षण मिळाले. गायकाला स्वतंत्र हक्क नव्हताच. आणि कवी-संगीतकारांना एका हाताने दिलेले कलम १७ ने दुसऱ्या हाताने काढून घेतले. ते कसे, हे वीस वर्षांनी न्यायालयात उघड झाले.

८/ १९६९ साली कवी-संगीतकारांच्या हक्कांसाठी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ स्थापन झाली. त्याच वर्षी तिने सार्वजनिक वादनाचे दर जाहीर करताच निर्माते आणि चित्रपटगृहचालक विरोधात उभे राहिले. कॉपीराइट मंडळाने सोसायटीच्या बाजूने कौल दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला. १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयातही सोसायटी हरली.

९/ निकालाचा आशय असा: निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करवून घेतले आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणी जोडली आणि गायकाला कायद्यात स्थानच नाही, या उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेला मात्र घाई नव्हती.

१०/ निर्मात्यांचा युक्तिवाद आजही ऐकू येतो: ‘जोखीम आमची, पैसे आम्ही मोजले, करार राजीखुशीने झाला.’ पैसे मोजले ते गाण्याचे मोल कोणालाच ठाऊक नव्हते त्या दिवशी. चित्रपट आठवड्यात उतरतो, गाणे मात्र पन्नास वर्षे कमावत राहते. आणि काम मिळवण्यासाठी दारात उभ्या असलेल्या नवख्याची राजीखुशी ती कसली?

११/ १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला. मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. लताबाईंना आग्रह धरणे परवडले. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठीच कायदा असावा लागतो.

१२/ तो आला २०१२ साली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गाण्याच्या इतर सर्व वापरांतील रॉयल्टीचा समान वाटा कवी-संगीतकाराला करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. व्यावसायिक वापरातील रॉयल्टीवर गायकाचाही हक्क मान्य झाला. हे औदार्य नव्हे, थकलेले देणे होते.

१३/ तरीही खासगी रेडिओ कंपन्या म्हणत राहिल्या की, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे दिले की पुरे. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात हे म्हणणे नाकारले: ध्वनिमुद्रण प्रसारित झाले की कवी-संगीतकाराची रॉयल्टी देणे आहे. कायदा होऊन अकरा वर्षे उलटल्यावरही हे न्यायालयाला सांगावे लागले.

१४/ म्हणून केसकरांची कथा पुन्हा समोर येईल, तेव्हा इतिहासप्रेमींनी तिला एक प्रश्न जोडावा: परवाना कोणाच्या खिशात होता? सरकार आणि निर्माते यांचे भांडण पाच वर्षांत मिटले. गाणे घडवणाऱ्यांचा वाटा कायद्यात उतरायला १९५२ पासून साठ वर्षे लागली. त्या पिढीतील किती जण तोवर हयात होते?