सातपुड्यात वनविभाग स्वतःच आग का लावतो?

हिवाळा सरताना यावल, रावेर, चोपडा किंवा शिरपूरच्या डोंगरांकडे धूर दिसला की व्हिडिओ फिरायला लागतो, 'सातपुड्यात वणवा!' पण प्रत्येक धूर वणव्याचाच असतो असं नाही. काही आगी वनविभागाने ठरवून लावलेल्या असतात. त्यांना म्हणतात जाळरेषा.

जाळरेषा म्हणजे काय?

सातपुड्याचं जंगल शुष्क पानझडीचं. साग, सलई, अंजनाची पानं गळतात, गवत वाळतं आणि आगीला आयतं सरपण मिळतं. म्हणून जंगलाच्या हद्दीवर आणि रस्त्यांच्या कडेला ठराविक पट्ट्यातलं गवत कापून, वाळवून, पहाऱ्यात जाळतात. पुढे वणवा आला तर तिथे त्याला जाळायला काही उरत नाही. आपल्याकडे वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. त्याआधी हे काम उरकावं लागतं.

ऑस्ट्रेलियात मोठमोठ्या क्षेत्रातला पालापाचोळा असा ठरवून जाळतात. आपल्याकडे फक्त पट्टे जाळतात. वर्षानुवर्षं सगळं जंगल जाळलं, तर रोपं मरतात आणि उघडी माती पावसात वाहून जाते.

मग वणवा लावतं कोण?

बहुतेक वेळा माणूसच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. कुणी बांध जाळतो, कुणी विडी टाकतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण मोह म्हणजे पावरा, भिल्ल कुटुंबांचा उन्हाळ्यातला रोख पैसा. नुसता कायदा दाखवून भागत नाही. झाडाखाली जाळी अंथरली, तर पाला पेटवायची गरजच उरत नाही.

धुराचा पेच

दुपारी जाळलं तर धूर वर निघून जातो, पण वारा आणि ऊन आग हाताबाहेर नेऊ शकतात. सकाळी-संध्याकाळी आग आटोक्यात राहते, पण थंड हवेत धूर खालीच, पाड्यांवर साचतो. या धुरातले पीएम २.५ कण फुप्फुसात खोल जातात. भारतात त्यांची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणून कोणत्या दिवशी कुठे जाळणार, हे ग्रामपंचायतीला आधी कळायलाच हवं. दम्याच्या रुग्णाला आणि गरोदर बाईला निदान तयारीला वेळ मिळेल.

धूर आला तर काय कराल?

दारं-खिडक्या लावा, घरात चूल किंवा धूप पेटवू नका. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही, नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. दम्याचा पंप जवळ ठेवा. धाप लागली तर दवाखाना गाठा.

आणि व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. जाळरेषा असेल तर अफवा थांबेल. वणवा असेल तर विझवणारे लवकर पोहोचतील.