रविवार वाचवा मोहीम

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइल टुणटुणायला लागला की समजायचं, वीकेण्डचे प्लॅन शिजतायत. उत्तन की वसई? पिक्चर की नाटक? तुमच्याकडे हे प्रश्न पैसे आणि मूड बघून सुटत असतील. माझ्याकडे मात्र आणखी एका मेंबरचं मत घ्यावं लागतं. त्याचं नाव आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

‘एवढ्या लहान वयात?’ हा प्रश्न गेली चार वर्षं ऐकतेय. तर मंडळी, म्हातारपणी गुडघे झिजतात, तो प्रकार हा नव्हे. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हे दुखणं विशी-तिशीतही गाठतं आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतं. सकाळी तासभर माझी बोटं वळत नाहीत, टूथपेस्टचं झाकणही शत्रू वाटतं. दुपारी बघाल तर एकदम फिट! हीच तर गोची आहे. कुबडी नाही, प्लास्टर नाही, मग विश्वास कोण ठेवणार? आजारी माणसाने डेडलाइन पाळली की कौतुक होतं, पण तोच पिकनिकला गेला की भुवया वर जातात. ‘फिरायला बरं जमतं हिला!’

पहिलं वर्ष मी फक्त काम आणि आराम केला. ग्रुपने चार वेळा विचारलं, चारही वेळा मी ‘नाही’ म्हटलं. पाचव्यांदा त्यांनी विचारलंच नाही. फोटो बघून कळलं, सगळे अलिबागला जाऊन आले. त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या रात्री सांध्यांपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखलं. तेव्हा ठरवलं, आठवड्यातला एक तरी दिवस या आजाराच्या तावडीतून सोडवायचा.

फंडा नंबर एक : गोळीचा वार. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं नेहमीचं औषध रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळतं, अंग गळून जातं. माझा डोस शनिवारी रात्री असायचा, म्हणजे रविवार उशीत डोकं खुपसून! डॉक्टरांना विचारलं, ‘वार बदलला तर?’ ते म्हणाले, ‘बदलू की. त्यात काय!’ आता गोळी मंगळवारी रात्री. बुधवारी मी लोळते, रविवारी फिरते. (हा बदल परस्पर करू नका, डॉक्टरांना विचारूनच करा.) या गोळीसोबत दारू म्हणजे यकृतावर दुहेरी भार, म्हणून पार्टीत माझ्या हातात लिंबू सरबत. बिल वाटून घेताना फायदा माझाच!

फंडा नंबर दोन : जागा पारखून घ्या. उत्तनचा किनारा कितीही लाडका असला तरी मऊ वाळूत माझे घोटे दहा मिनिटांत संप पुकारतात. त्यापेक्षा जेसल पार्कच्या खाडीकाठी बसायचं, हातात भेळ घ्यायची आणि पुलावरून जाणाऱ्या लोकल बघायच्या. माझी सगळ्यात आवडती सहल मात्र भाईंदर-वसई रो-रोची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बोट सुरू झाली. तिचा रॅम्प केलाय गाड्यांसाठी, पण जिथून स्कूटर चढते तिथून व्हीलचेअरही चढू शकते आणि पायऱ्यांना घाबरणारी मीही! रस्त्याने घोडबंदरचा भलामोठा वळसा पडतो, इथे खाडी पार केली की वसई. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला तो किल्ला सपाटीवर आहे. गड चढल्याचा आनंद हवाय, पण चढ नकोय, अशांसाठी एकदम सही.

फंडा नंबर तीन : कडेची खुर्ची. एकाच जागी अडीच तास बसलं की गुडघे गंजतात. नाटकाला मी रांगेतली शेवटची खुर्ची घेते, मधेच उठून मागे उभी राहते. दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकर नाट्यगृह झाल्यापासून दर वेळी बोरिवली गाठावी लागत नाही, हेही पायांवर उपकारच. तिकीट काढण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे ना, ते विचारते. एका मल्टिप्लेक्सने ‘आहे’ म्हणून सांगितलं. गेल्यावर लिफ्ट होती, तिला कुलूपही होतं.

आता जरा सीरियस. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस असे आजारही त्यात आले. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं, की सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत सगळ्यांच्या बरोबरीने भाग घेणं हा दिव्यांगांचा हक्क आहे आणि त्यासाठी पावलं उचलणं हे सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं काम आहे. करमणूक! कायद्याच्या पुस्तकात! आमवाताचं नाव त्या २१ मध्ये वेगळं नाही. सांधे वाकून हालचालीचं अपंगत्व ४० टक्के भरलं, तर बहुतेक सवलती मिळतात. म्हणजे माझ्यासारख्या अनेकजणी ना धड इकडे, ना धड तिकडे. लोकलमधल्या दिव्यांग डब्यात आम्हाला जागा नाही आणि विरारच्या गर्दीत ताकद नाही.

पण रॅम्प आणि चालू लिफ्ट कुणाचं सर्टिफिकेट बघत नाहीत. चेन्नईत २०२२ मध्ये मरीना बीचवर व्हीलचेअर पाण्याजवळ जाईल अशी लाकडी वाट केली. चक्रीवादळात ती मोडली, पुन्हा दुरुस्त केली. त्या वाटेवरून आजीआजोबाही जाऊ शकतात, बाबागाडीतलं बाळही. उत्तनला अशी शंभर-दीडशे मीटरची वाट झाली तर? मी पहिल्या दिवशी हजर असेन. बुधवार नसेल तर!

तोवर तुम्ही एक करा. तुमच्याही ग्रुपमध्ये कुणीतरी असेल. डायबेटिसवाला, मायग्रेनवाली, डायलिसिसला जाणारा. त्याने चार वेळा ‘नाही’ म्हटलं असेल. पाचव्यांदा विचारा. आणि ‘तुला जमेल का?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुला कधी जमेल?’ असं विचारून बघा. प्लॅन तिथेच अर्धा होतो, बॉस!