काळ्या पट्ट्याच्या पुढे

हल्ली लहानमोठ्या शहरांतून ज्यूदो व कराटे या विद्यांचे वर्ग निघालेले आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीही कित्येक मुले-मुली सायंकाळी पांढरा पोशाख घालून तेथे जातात. ही गोष्ट आम्हांस इष्ट वाटते. तिच्या योगाने शरीर काटक होते, भीड चेपते, आणि पडल्यावर रडत न बसता उठावे कसे, हे मुलांस कळते. परंतु या बाबतीत एक प्रकार आमच्या दृष्टीस वारंवार पडतो व त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पांढऱ्या पट्ट्यापासून आरंभ करून मुलगा एकेक रंग चढत जातो. काही वर्षांनी त्याच्या कमरेस काळा पट्टा येतो. घरी पेढे वाटले जातात, छायाचित्र निघते, प्रशस्तिपत्रकास चौकट बसते. आणि त्या दिवसापासून तो मुलगा पुन्हा वर्गात दिसत नाही. ‘आमच्या बाळूचे कराटे झाले,’ असे मातोश्री समाधानाने सांगतात. जणू काय देवी टोचून घ्याव्यात, तसे ते एकदाचे उरकले!

ही समजूत या विद्येच्या जन्मभूमीत कितपत मान्य होईल, हे पाहण्यासारखे आहे. ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो (१८६०–१९३८) हे पेशाने शिक्षक होते व टोकियो येथील उच्च शिक्षक-विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी पुष्कळ वर्षे भूषविले. इ. स. १८८२ मध्ये एका बौद्ध मंदिरातील लहानशा जागेत, मूठभर शिष्यांनिशी त्यांनी ‘कोदोकान’ ही आपली शाळा स्थापिली. पुढल्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन शिष्यांस पहिली श्रेणी दिली. काळ्या पट्ट्याची चाल त्यानंतर काही वर्षांनी पडली. म्हणजे विद्या आधी आली व पट्टा तिच्या मागून आला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या पहिल्या श्रेणीस जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात, आणि त्यातील ‘शो’ या अक्षराचा अर्थच मुळी ‘आरंभ’ असा आहे. तिच्यावर आणखी नऊ श्रेणी आहेत. सहावीपासून आठवीपर्यंतच्या श्रेणीस तांबडा-पांढरा पट्टा व त्यापुढे तांबडा पट्टा बांधण्याचा मान मिळतो. दहाव्या श्रेणीचा मान तर कोदोकानने २००६ सालापर्यंत अवघ्या पंधरा जणांस दिला होता. ज्या ठिकाणी आमची मुले मुक्काम आला म्हणून पथारी पसरतात, तेथे त्या देशाचे लोक प्रवासास नुकतेच निघालेले असतात!

कोणी विचारील, की काळा पट्टा मिळाल्यावर शिकावयाचे ते काय उरले? आमचे उत्तर असे, की तोपर्यंत मुलाने केवळ मुळाक्षरे व बाराखडी गिरविलेली असते. उभे कसे राहावे, पडावे कसे, अमुक डावात हात कोठे व पाय कोठे, हे त्यास ठाऊक झालेले असते. परंतु डाव ठाऊक असणे निराळे आणि समोरचा मनुष्य, आपल्याहून उंच वा वजनदार, ऐन झटापटीत असता तोच डाव नेमक्या क्षणी साधणे निराळे. बाराखडी आली म्हणून कोणास निबंध लिहिता येत नाही. तो यावयास वर्षे लागतात, आणि नाना प्रकारच्या जोडीदारांशी अंग घासावे लागते.

याचे उत्तम उदाहरण खुद्द कानो यांचे आहे. १८८२ साली स्वतःची शाळा काढून ते गुरू झाले, तरी ‘कितो’ संप्रदायाचे वृद्ध आचार्य ईकुबो यांच्यापाशी त्यांचे शिक्षण चालूच होते. त्या संप्रदायाचा परवाना त्यांस १८८३ साली मिळाला. प्रतिपक्ष्याचा तोल आधी ढळवावा व मगच त्यास फेकावे, हे ज्यूदोचे मर्म त्यांस या आचार्यांबरोबरच्या सरावातच उमगले. शाळेच्या संस्थापकाने आपले शिक्षण संपले असे मानले असते, तर ते मर्म त्यांच्या हाती कसे लागते?

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे. फुकुदा केइको (जन्म १९१३) या कानो यांच्या शिष्या. त्या काळी स्त्रियांस पाचव्या श्रेणीच्या वर चढू देत नसत. ती श्रेणी त्यांस १९५३ साली मिळाली आणि सहावी मिळाली ती १९७२ साली. मधली एकोणीस वर्षे पुढील श्रेणीचा दरवाजा बंद असताही ही बाई शिकत राहिली व शिकवीत राहिली. पट्टा हेच जर तिचे साध्य असते, तर ती केव्हाच घरी बसती. २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतील ज्यूदोसंस्थेने तिला दहावी श्रेणी दिली. त्यानंतर दोन वर्षांनी ती वारली.

यावर पालकांचा एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: दहावीचे वर्ष आले म्हणजे मुलाने पुस्तक धरावे की आखाडा? आम्ही शिक्षकच असल्यामुळे पुस्तक धरू नये असे आमच्या तोंडून निघणार नाही. परीक्षेकरिता काही महिने थांबणे यात काहीच वावगे नाही. आठवड्यातील एखादी सायंकाळ राखली तरी हातचे जाणार नाही. पण ‘सध्या थांबलो’ आणि ‘आता संपले’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले बोलणारा परत येतो. दुसरे बोलणाऱ्याचे अंग काही काळाने पडावे कसे हेदेखील विसरते, मनातला ताठा मात्र तसाच राहतो. चौदा वर्षांचा पोर, सराव सुटलेला आणि स्वतःस अजिंक्य समजणारा, हा रस्त्यावरच्या भांडणात स्वतःस व दुसऱ्यासही अपायकारक होय.

दोष केवळ मुलांचा आहे असेही नाही. ठराविक महिने भरले व ठराविक पैसे दिले, की पुढचा रंग, असा रोखीचा व्यवहार काही ठिकाणी चालतो. तेव्हा वर्गात नाव घालण्यापूर्वी पालकांनी ‘काळा पट्टा किती दिवसांत मिळेल?’ हा प्रश्न सोडून ‘तो मिळाल्यावर पुढच्या वर्षी आपण काय शिकविता?’ हा प्रश्न विचारावा. ज्या गुरूजवळ याचे उत्तर नाही, त्याच्या स्वाधीन आपले मूल करू नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. ज्या दिवशी काळा पट्टा मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी वर्गात जा. तेथे आठ वर्षांचे एखादे पोर पांढरा पट्टा उलटा बांधून उभे असेल. त्याचा हात धरून त्यास पडावयास शिकवा. आपण व इतर या दोघांचाही उत्कर्ष साधावा, हे कानो यांनी आपल्या विद्येचे एक सूत्रच सांगितले आहे. शिकवू लागताच आपणांस किती येत नाही ते कळू लागते, आणि तेथून पुढचे खरे शिक्षण सुरू होते. पदवीच्या दिवशी ज्याने पुस्तक मिटले तो पदवीधर, आणि पट्ट्याच्या दिवशी ज्याने सराव सोडला तो पट्टेधर, हे दोघे आमच्या मते सख्खे भाऊ होत. तुम्ही त्यांच्या घराण्यात जाऊ नये, अशी आमची इच्छा आहे.